फाटकाबाहेरचे मास्तर

आमच्या मास्तरांना इंग्रजीतले सहा शब्द येत. येस, नो, गुड, वेट, ट्युसडे आणि गॉडब्लेस. एवढ्या भांडवलावर त्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं दुकान चालवलं. कपडा सोमवारी टाका नाहीतर गुरुवारी, तो मिळणार ट्युसडेलाच. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की मास्तर ‘वेट’ म्हणून आतल्या खोलीत जात आणि ते कंटाळून निघून जाईपर्यंत बाहेर येत नसत. हाच माणूस दुपारी दुकान रिकामं असलं की मशीनच्या खणातून इंग्रजी वर्तमानपत्र काढी आणि एका जुन्या दिवाळी अंकात दडवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाची. दाराची घंटा वाजली की दिवाळी अंक मिटायचा आणि मास्तरांचा चेहरा पुन्हा मठ्ठ व्हायचा. तो मठ्ठपणा बघण्यासारखा असे.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून दक्षिणेला दीडेक तास ड्राइव्ह केलं की लष्कराचा एक अवाढव्य तळ लागतो. त्याच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकणारे, अंगावर गोंदून देणारे, वस्तू गहाण ठेवून घेणारे, असे सगळे सैनिकांवर जगणारे लोक दुकानं मांडून बसलेले. त्यांच्यातच मास्तरांचं शिलाईचं दुकान. गणवेशावर नावाच्या पट्ट्या, पलटणीची चिन्हं, हुद्द्याच्या फिती शिवून द्यायच्या, हा धंदा. माझ्या कंपनीने मला त्या गावात एका क्लायंटकडे टाकलं होतं, आणि दुकानामागची खोली मास्तरांनी मला भाड्याने दिली होती. ‘मास्तर’ हे नाव त्यांना कामठीहून चिकटलेलं. तिथल्या छावणीत त्यांच्या वडिलांचं शिंपीकाम चाले.

त्यांचं इंग्रजी मला अपघातानेच कळलं. माझ्या गाडीला कोणीतरी मागून ठोकलं होतं आणि विमा कंपनीची बाई फोनवर मला टोलवत होती. मी ‘सॉरी मॅडम, प्लीज मॅडम’ करत घामाघूम झालो होतो. मास्तरांनी शिवता शिवता माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या बाईला असं सुनावलं, तेही इथल्या दाक्षिणात्य गोऱ्यांच्या लांबट, गोडसर हेलात, की ती त्यांना ‘सर’ म्हणायला लागली. फोन माझ्या हातात परत देऊन ते म्हणाले, “झालं तुझं काम. कोणाले सांगशील तर खोली खाली करा लागेल.”

“पण मास्तर, एवढं येतं तर लपवता कशाला?”

“माझा बाप साहेब लोकाइचे कपडे शिवे. माप घेताना साहेब आपसात वाट्टेल ते बोलत. शिंप्यासमोर कोणी लाजत नाही बाप्पा. त्याले वाटते, याले काय समजते.”

“आणि समजलं तर?”

“समजलं तरी काय. शिंप्याचं तोंड टाचण्यांनी भरलेलं असते.”

हे मोठं तत्त्व झालं. खरं कारण त्यांनी एकदाच, आणि तेही तिसऱ्याच गोष्टीच्या ओघात सांगितलं. त्यांना अमेरिकेत बोलावलं ते कॅलिफोर्नियातल्या लेकीने. तिथे जावयाच्या मित्रांसमोर मास्तर पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःचं इंग्रजी बोलले. कामठीचं, नागपुरी वळणाचं. पाहुणे हसले, ते एक सोडा, पण लेकही हसली. महिन्याभरात मास्तरांनी तिचं घर सोडलं. या गावात आले आणि तोंड शिवून टाकलं ते कायमचंच. बोलणं बंद झाल्यावर माणूस ऐकतो. मास्तर इतके ऐकत की त्यांच्याकडे नुसत्या आवाजांचा साठा झाला होता.

रात्रीचं जेवण आमचं एकत्र असे. झुणका, भाकरीऐवजी मेक्सिकन दुकानातल्या पोळ्या, आणि नकला. दिवसभरात दुकानात आलेला एकेक सैनिक मास्तर माझ्यासमोर उभा करत. नुसता आवाज नाही, तर खांदे, मान, च्युइंगगम चघळणं, सगळं. मी हसून हसून आडवा होई. बाहेर ज्याला लोक दगड समजत होते तो माणूस जेवताना असा फुलायचा, आणि बघायला मी एकटा.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. इराकमधलं युद्ध दुसऱ्या वर्षात गेलं होतं आणि टीव्हीवर जो उठे तो सैनिकांच्या वतीने बोले. सैनिकांना काय वाटतं हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त सैनिकांना कोणी विचारत नव्हतं. विचारलं तरी गणवेशात असताना त्यांनी बोलायचं नसतं. पण गणवेश शिवायला टाकताना ते बोलत. मास्तरांच्या खुर्चीत बसून, आपसात, नाहीतर स्वतःशीच.

त्यामुळे मला त्या वर्षी प्रचार ऐकू आला तो झुणक्याबरोबर. एक पॅराशूटवाला होता, तो अध्यक्षांच्या बाजूचा. “हा माणूस निदान आपलं बोलणं बदलत नाही,” एवढंच त्याचं कारण. एक आचारी होता, जो पगार वाढवेल त्याला मत देणारा. एक तरुण लेफ्टनंट कोणी विषय काढला की म्हणे, “हे कपडे उतरवीन त्या दिवशी मत सांगेन,” आणि खिडकीबाहेर बघत बसे. एक ट्रक चालवणारी मुलगी होती. ती म्हणाली होती, “दोघा उमेदवारांपैकी एकाचंही पोर माझ्या ट्रकमध्ये बसलेलं मी पाहिलं नाही.” तिची नक्कल करताना मास्तर हसवत नसत. ते वाक्य झाल्यावर ते पाणी प्यायला उठत.

आणि एक सार्जंट होता. मास्तरांचा लाडका. अलाबामाचा, तिशीच्या आतला, डाव्या कानाची पाळी भाजून आक्रसलेली. तीन फितींचा माणूस, हाताखाली चार पोरं. इराकची एक खेप करून आला होता, दुसरी समोर होती. काम असो नसो, तो येऊन खुर्चीत बसायचा, मास्तरांना ‘पॉप’, म्हणजे बाबा, म्हणायचा आणि बोलत राहायचा. मी त्याला दोन-तीनदा पाहिलं. मी दुकानात असलो की मात्र तो गप्प बसे, कारण मला इंग्रजी येतं हे दिसत होतं.

“काऊन येते माहीत आहे का तो?” मास्तर सांगत. “घरी बोलला तर बायको रडते. तळावर बोलला तर साहेब ऐकते. पोरांसमोर बोलला तर पोरं घाबरतात. मग राहिलं कोण? मी.”

सार्जंट काय बोलायचा ते मला तोंडपाठ झालं होतं, इतक्यांदा मास्तरांनी त्याला माझ्यासमोर बसवलं. म्हणायचा, पोरांना मत कुणाला द्या हे मी सांगत नाही. मी त्यांना पाणी प्या सांगतो आणि मिळेल तिथे झोपा सांगतो. म्हणायचा, ज्याने आम्हाला पाठवलं त्याला गेल्या निवडणुकीत मी मत दिलं होतं, आता देणार नाही. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण झाला की आम्ही परत इराकला चाललो आणि गाड्या त्याच, बिनचिलखताच्या. दारांना आम्हीच भंगारातले पत्रे वेल्ड करून लावले होते, तेही तिथेच राहिले. त्याची नोकरीची मुदत खरं तर संपली होती. त्याने पुन्हा सही केली होती. का, तर “मी गेलो नाही तर ही चौघं दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली जातील. दुसरा कोणी त्यांना तेवढ्या काळजीने परत आणणार नाही.” त्याला त्या फितींचं कौतुक एवढ्यासाठीच होतं. फिती म्हणजे ती चार पोरं.

मास्तर हे सांगताना त्याच्या आवाजात सांगत आणि शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणत, “चांगला माणूस आहे बे. फुकट जाईल.”

कॅरीला आमचं मराठी मंडळ होतं. दर सणाला कोणाच्या तरी घरी पॉटलक. मास्तर माझ्या गाडीतून येत, कोपऱ्यात बसत, जेवत आणि भांडी विसळून ठेवत. लोक त्यांच्याशी चांगलं वागत, म्हणजे मोठ्याने आणि सावकाश बोलत. इतक्या वर्षांत इंग्रजी न शिकलेला माणूस म्हणून मंडळात त्यांचे विनोद चालत. ‘ट्युसडे’ तर सगळ्यांना पाठ होतं.

त्या वर्षीचा दसरा मतदानाच्या थोडा आधी आला. सोनं म्हणून कोणीतरी अंगणातली लाल मेपलची पानं वाटली. दुपारी पुरी-श्रीखंड झाल्यावर निवडणुकीचा वाद पेटला. त्या दिवाणखान्यातल्या वीस-पंचवीस माणसांत मत होतं फक्त यजमानांना. बाकी आम्ही सगळे व्हिसावर. आवाज मात्र व्हिसावाल्यांचाच मोठा होता. यजमान औषधाच्या कंपनीत संशोधक, मूळचे दादरचे, आम्ही त्यांना डॉक्टर म्हणत असू. नुकतेच नागरिक झाले होते आणि पहिल्याच मतदानाच्या उत्साहात विरोधी उमेदवाराच्या प्रचाराला लागले होते. त्यांच्या समोर होता पुण्याचा एक प्रोजेक्ट मॅनेजर.

“सोल्जर्स आर हंड्रेड परसेंट विथ द प्रेसिडेंट, यार,” तो म्हणाला. “तुम्ही लोक उगाच त्यांच्या नावाने रडता.”

“असं काही नाही. सगळे तसे नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

“एक दाखवा ना मग. एक सोल्जर. कुणी बोललाय तुमच्याशी?”

डॉक्टरांच्या ओळखीत सैनिक कुठून असणार. आमच्यापैकी कुणाच्याच नव्हता. आमची पोरं युद्धावर जात नव्हती, ती स्पेलिंगच्या स्पर्धांना जात होती.

“मास्तरांना विचारू,” मॅनेजर म्हणाला. “ते तर त्यांच्यातच राहतात. काय मास्तर, सोल्जर्स काय म्हणतात? पण यांना काय कळणार म्हणा. ट्युसडे!”

सगळे हसले. बायकासुद्धा. मास्तर कोपऱ्यात श्रीखंडाची वाटी घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. कॅलिफोर्नियाची गोष्ट तिथे मला एकट्यालाच माहीत होती. त्यांनी वाटी शांतपणे खाली ठेवली, खांदे पाडले, मान डावीकडे कलती केली, आणि अलाबामाचा सार्जंट बोलायला लागला.

असं नाटक मी पुन्हा पाहिलं नाही. त्या आवाजात, त्या हेलात, मास्तर पाणी प्या आणि झोपा म्हणाले, मत दिलं होतं आणि देणार नाही म्हणाले. संपल्यावर टाळ्या. लोक उठून उभे राहिले. “मास्तर, छुपे रुस्तम निघालात,” “वन्स मोअर,” असं सुरू झालं. मॅनेजरचा चेहरा पडला होता. मी मास्तरांची बाही ओढून म्हटलं, “मास्तर, पुरे.” त्यांनी बाही सोडवून घेतली. दुसऱ्या खेपेला त्यांनी काहीही राखून ठेवलं नाही. कान आला, गाड्यांचे पत्रे आले, थँक्सगिव्हिंगनंतर जायचं आहे हेही आलं. डॉक्टर मधून मधून प्रश्न विचारत होते. कोणत्या पलटणीचा? किती फिती? मास्तर सांगत होते. त्यांना कोणी काही विचारतंय, हेच मुळी त्यांना नवीन होतं.

परतीच्या वाटेवर ते गाडीत गुणगुणत होते. “पाहिलं नं त्या पुणेकराचं थोबाड?” म्हणाले. मीही पुण्याचाच, हे ते विसरले होते.

दोन दिवसांनी मंडळाच्या सगळ्यांना डॉक्टरांची ईमेल आली. आपल्या मास्तरांनी सांगितलेला सार्जंटचा अनुभव त्यांनी प्रचाराच्या वेबसाइटवर टाकला होता आणि त्याला जबरदस्त रिस्पॉन्स होता. मी ते छापून आणलं आणि मास्तरांना वाचून दाखवायला गेलो, तर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच वाचला. नाव नव्हतं. पण अलाबामा होतं, तीन फिती होत्या, भाजलेला कान होता, पलटण होती आणि निघायचा सुमार होता. आता नावाची गरज कुणाला होती?

त्यांनी मला फोन लावायला लावला.

“डॉक्टर, ते काढून टाका जी,” ते म्हणाले. “माणूस ओळखू येते त्याच्यातून.”

“अहो मास्तर, तुम्ही नका घाबरू. तुमचं नाव कुठे आहे त्यात?”

“माझं नाही जी. त्याचं. त्याले त्रास होईल.”

“हे सैनिकांच्या भल्यासाठीच चाललंय ना? वुई आर ऑन देअर साइड. आणि आता काढून उपयोग नाही, कितीतरी लोकांनी ते पुढे पाठवलंय.”

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्या सार्जंटच्या बाजूला आहोत. भल्या माणसांचा मला तेव्हापासून धसका बसला आहे.

सार्जंट त्यानंतर दुकानात फिरकला नाही. मास्तर घंटा वाजली की मान वर करत आणि दुसराच कोणी दिसला की खाली घालत. नकला बंद झाल्या. मतदान झालं, विद्यमान अध्यक्षच निवडून आले. डॉक्टरांना डिप्रेशन आलं म्हणे, त्यांनी कामावरून सुट्टी घेतली. मॅनेजरने ऑफिसात पेढे वाटले. दोघांची पुढच्याच पॉटलकला दिलजमाई झाली आणि ते घरांच्या किमतींवर बोलायला लागले.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे गेलो होतो. रविवारी संध्याकाळी परत आलो तर मास्तरांनी स्वयंपाक केला नव्हता. दुकानातला दिवा चालू होता. मशीनपाशी तुटक्या दोऱ्यांचा पसारा पडला होता, आणि मास्तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते.

“बस,” ते म्हणाले. “परवा आला होता तो.”

आणि कित्येक आठवड्यांनी त्यांनी नक्कल केली. सार्जंट आत आला. त्याने गणवेशाचा गठ्ठा आणि समारंभाचा हिरवा डगला टेबलावर ठेवला. मास्तरांना समजावं म्हणून तीन बोटं दाखवली, बोटाने ती कापल्याची खूण केली आणि खिशातून दुसरं, लहानसं चिन्ह काढलं. खालच्या हुद्द्याचं. मास्तरांनी टाके उसवले. बाहीवर फितींच्या जागचं कापड गर्द राहिलं होतं आणि नवं चिन्ह ती जागा झाकायला पुरत नव्हतं. मास्तर त्या डागावर अंगठा घासत राहिले. सार्जंट म्हणाला, राहू दे पॉप, दिसू दे.

मग तो खुर्चीत बसला आणि बोलला. मास्तर त्याच खुर्चीत बसून, त्याच आवाजात, मला सांगत होते.

“साहेबाने बोलावलं. विचारलं, हे तू बोललास का? मी हो म्हणालो. जायची वेळ इंटरनेटवर गेली म्हणून फिती काढल्या. बरोबरच आहे, मी साहेब असतो तर मीही काढल्या असत्या. पोरं दुसऱ्याच्या हाताखाली दिली. त्याच गाडीत मीही बसणार, पण हुकूम त्याचा. त्याचंही काही नाही. पण पॉप, हे मी दोनच ठिकाणी बोललो होतो. एकदा गाडीत पोरांसमोर, आणि इथे. इथलं काही धरायचं नाही, तुला कुठे इंग्रजी कळतं. म्हणजे माझ्या चौघांतला एक फुटला. मला वाटतं, सगळ्यांत धाकटा. त्याला मी पोहायला शिकवलं होतं. परवापासून माझ्याकडे बघतो तेव्हा मी तोंड फिरवतो. आता तिथे तो माझ्या पाठीमागे बसणार, आणि मी सारखी मान वळवून बघणार.”

मास्तर थांबले. पुढे सार्जंटला बोलायचं काही उरलं नव्हतं. आता मास्तरांची पाळी होती.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी बाही शिवली.”

“मास्तर, एक वाक्य. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्या पोराला तरी...”

“तयार होतं नं बे वाक्य. जिभेवर होतं. पण मी तोंड उघडलं की त्याले समजलं असतं, याले सगळं कळत होतं. इतके दिवस. मग त्याले काय वाटलं असतं?”

त्याला काय वाटलं असतं, म्हणजे मास्तरांबद्दल काय वाटलं असतं. मला त्यांचा इतका संताप आला की त्यांच्या वयाचाही विसर पडला. तो संताप आजही गेलेला नाही. त्या माणसावर माझा जीव होता, म्हणून तर तो जात नसावा.

“काय होतं वाक्य?” मी विचारलं. “म्हणा आता.”

ते खुर्चीत सावरून बसले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“इट वॉजंट द किड, सार्जंट. इट वॉज मी.”

वाक्य सार्जंटच्याच आवाजात निघालं. मास्तरांनाही ते ऐकू आलं. त्यांनी घसा खाकरून पुन्हा म्हणून बघितलं, तेव्हा पॅराशूटवाल्याचा आवाज निघाला. स्वतःचा आवाज काही केल्या सापडेना.

मी गाडीची किल्ली उचलली. “उठा. आपण फाटकावर जाऊ. पहारेकऱ्याला सांगू, निरोप ठेवू, काहीतरी करू.”

मास्तर खाली वाकले आणि तुटके दोरे वेचायला लागले.

“आज सकाळीच विमान गेलं त्याइचं,” ते म्हणाले.